बडगाम, खुलना आणि उहुद : आपल्याच माऱ्यात गेलेली माणसे

२७ फेब्रुवारी २०१९ या दिवशी काय झाले असे कुणाला विचारले, तर बहुतेक जण विंग कमांडर अभिनंदन वर्तमान यांचे नाव घेतील. आदल्या दिवशी पहाटे भारताने बालाकोटवर हवाई हल्ला केला होता. २७ तारखेला सकाळी पाकिस्तानी विमाने राजौरी-पूंछच्या बाजूने आली, आकाशात चकमक झाली, अभिनंदन यांचे मिग-२१ पडले आणि ते नियंत्रण रेषेपलीकडे पकडले गेले. पुढचे तीन दिवस टीव्हीवर दुसरा विषय नव्हता. १ मार्चच्या रात्री ते वाघा सीमेवरून परत आले आणि देशाने सुटकेचा श्वास सोडला.

त्याच १ मार्चला नाशिकमध्ये एका तरुण वैमानिकाला लष्करी इतमामात अखेरचा निरोप दिला जात होता. स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे, वय ३३. नाशिकच्या भोसला सैनिकी शाळेचा आणि औरंगाबादच्या सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्थेचा हा विद्यार्थी. गर्दी मोठी होती, घोषणाही झाल्या. पण निनाद नेमके कशाने गेले, हे त्या दिवशी जमलेल्यांपैकी कुणाला ठाऊक असण्याची शक्यता नव्हती. सुरुवातीच्या बातम्यांत 'तांत्रिक बिघाड' एवढीच चर्चा होती.

खरे कारण देशाला अधिकृतपणे समजले ते ४ ऑक्टोबर २०१९ रोजी. मधल्या काळात लोकसभेची निवडणूक येऊन गेली, नवे सरकार बसले, हवाई दलाचे प्रमुखही बदलले. नवे प्रमुख एअर चीफ मार्शल राकेशकुमार सिंह भदौरिया यांनी पत्रकार परिषदेत सांगितले की, आपल्याच क्षेपणास्त्राने आपले हेलिकॉप्टर पाडले, ही मोठी चूक होती आणि ती आम्ही मान्य करतो.

आजचा लेख याच विषयावर आहे. युद्धात आपल्याच माणसांच्या हातून आपली माणसे मारली जातात. इंग्रजीतून आलेला 'फ्रेंडली फायर' हा शब्द आपली वर्तमानपत्रेही वापरतात. त्यात 'फ्रेंडली' काय आहे, हे मला आजवर कळलेले नाही. मी या लेखात साधा शब्द वापरतो : आपलाच मारा.

बडगामला त्या सकाळी काय झाले

सकाळी दहाच्या सुमारास श्रीनगरच्या हवाई तळावरचे एक एमआय-१७ व्ही५ हेलिकॉप्टर हवेत होते. ते तळाकडे परत येत होते. त्यात हवाई दलाचे सहा जण होते, त्यांत निनाद मांडवगणे आणि चंदीगडचे स्क्वाड्रन लीडर सिद्धार्थ वशिष्ठ हे दोन वैमानिक. त्याच वेळी पश्चिमेला विमानांची चकमक चाललेली. श्रीनगरच्या तळावर सगळे सतर्क. रडारच्या पडद्यावर कमी उंचीवरून तळाच्या दिशेने येणारा एक ठिपका दिसला. हा शत्रूचा असेल असे समजून जमिनीवरून 'स्पायडर' हे इस्रायली बनावटीचे क्षेपणास्त्र सोडण्यात आले. काही सेकंदांत हेलिकॉप्टर बडगाम जिल्ह्यातल्या गारेंद कलां गावाजवळच्या मोकळ्या जागेत जळत कोसळले.

हेलिकॉप्टरमधले सहाही जण गेले. आणि खाली जमिनीवर असलेला गावातला एक काश्मिरी तरुणही गेला. म्हणजे एकूण सात. हवाई दलाच्या चौकशीबद्दल ज्या बातम्या पुढे आल्या, त्यांत दोन गोष्टी वारंवार आल्या. हेलिकॉप्टरवरची ओळख सांगणारी यंत्रणा बंद होती, आणि तळावरचे अधिकारी व हेलिकॉप्टर यांच्यातल्या संपर्कात गोंधळ होता. पुढे २०२३ साली लष्करी न्यायालयाने तळाच्या तेव्हाच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याला सेवेतून काढण्याची शिक्षा सुनावली आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेले. मला इथे कोण दोषी याचा निवाडा करायचा नाही. ते काम न्यायालयांचे. मला हे समजून घ्यायचे आहे की अशी गोष्ट होते कशी, आणि झाल्यावर समाजाने तिच्याशी कसे वागावे.

ठिपक्याला विचारलेला प्रश्न

रडारला विमान दिसते ते ठिपक्यासारखे. ठिपक्यावर झेंडा नसतो. म्हणून दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला ब्रिटिशांनी एक यंत्रणा तयार केली आणि आज जगातली सगळी हवाई दले तिचीच सुधारलेली रूपे वापरतात. इंग्रजी आद्याक्षरांनी तिला 'आयएफएफ' म्हणतात, अर्थ : मित्र की शत्रू याची ओळख. जमिनीवरून किंवा दुसऱ्या विमानातून रेडिओ लहरींनी एक सांकेतिक प्रश्न पाठवला जातो. समोरच्या विमानातले यंत्र योग्य सांकेतिक उत्तर देते. उत्तर बरोबर आले की समजायचे, आपला आहे.

यात एक मोठी मेख आहे आणि सगळा घात तिथेच होतो. ही यंत्रणा फक्त 'आपला' एवढेच सांगू शकते. 'शत्रू' असे ती कधीच सांगत नाही. उत्तर आले नाही तर त्याचे अर्थ अनेक असू शकतात. यंत्र बंद असेल, बिघडले असेल, कालचा संकेत आज बदललेला असेल, डोंगर आड आला असेल, किंवा ते प्रवासी विमान असेल. आणि हो, तो शत्रूही असू शकतो. पण भेदरलेल्या माणसाला गप्प बसलेला ठिपका शत्रूच वाटतो.

मी उर्दू माध्यमातून आलेल्या मुलांना मराठी शिकवतो. त्यांना दरवर्षी एक शब्द अडतो, तो म्हणजे 'आपण'. उर्दूत 'हम' एकच. मराठीत मात्र दोन 'हम' आहेत. 'आम्ही चाललो' म्हटले तर समोरचा त्यात नाही. 'आपण जाऊ या' म्हटले की ऐकणाराही त्यात आला. मुले विचारतात, सर, कुठला कधी वापरायचा? मी सांगतो, बोलण्याआधी ठरव, समोरच्याला आत घ्यायचे आहे की बाहेर ठेवायचे आहे. रडारसमोर बसलेल्या अधिकाऱ्यापुढेही हाच प्रश्न असतो. फरक इतकाच की त्याच्याकडे उत्तरासाठी काही सेकंद असतात आणि बोट बटणावर असते.

हल्ल्यानंतरचा पहिला तास

आपल्याच माऱ्याच्या घटना जगभरच्या युद्धांतून एकापुढे एक मांडून पाहिल्या की एक गोष्ट लक्षात येते. यांतल्या बऱ्याच घटना खरा हल्ला नुकताच झालेला असताना, किंवा तो आता होणारच अशी खात्री असताना घडल्या आहेत.

दुसरे महायुद्ध जाहीर होऊन ब्रिटनला जेमतेम तीन दिवस झाले होते. ६ सप्टेंबर १९३९ रोजी शत्रूची विमाने येत आहेत अशा चुकीच्या इशाऱ्यावरून ब्रिटिश विमाने आकाशात गेली. एका तुकडीच्या स्पिटफायर विमानांनी दुसऱ्या तुकडीची हरिकेन विमाने शत्रूची समजून दोन विमाने पाडली. मॉन्टेग्यू हल्टन-हॅरप हा वैमानिक मेला. त्या युद्धात विमानांच्या लढतीत मेलेला पहिला ब्रिटिश लढाऊ वैमानिक तो, आणि त्याला मारणारे विमान ब्रिटिशच होते. 'बार्किंग क्रीकची लढाई' या नावाने ही घटना ओळखली जाते. ज्या लढाईत शत्रू हजरच नव्हता तिला लढाई म्हणायचे, ते उपहासानेच.

लिबियाचा इटालियन गव्हर्नर इतालो बाल्बो हा मुसोलिनीचा मोठा सरदार आणि स्वतः नावाजलेला वैमानिक. २८ जून १९४० रोजी त्याचे विमान तोब्रुकला उतरायला आले. थोड्याच वेळापूर्वी ब्रिटिश विमाने तिथे बॉम्ब टाकून गेली होती. बंदरातल्या इटालियन तोफांनी आपल्याच गव्हर्नरचे विमान पाडले.

सर्वांत मोठी शोकांतिका सिसिलीची. ११ जुलै १९४३ च्या रात्री १४४ अमेरिकी वाहतूक विमाने छत्रीधारी सैनिकांना घेऊन बेटावर आली. समुद्रात उभी असलेली जहाजे दोस्तराष्ट्रांचीच होती. पण दिवसभर जर्मन विमानांचे हल्ले झेलून तोफांवरची माणसे ताणलेली होती. एका तोफेने सुरुवात केली आणि मग सगळ्यांनीच मारा सुरू केला. २३ विमाने पडली. यातून धडा घेऊन पुढच्या वर्षी नॉर्मंडीच्या चढाईआधी दोस्तांच्या विमानांवर काळे-पांढरे जाड पट्टे रंगवले गेले. त्या चढाईच्या फोटोंत विमानांवर दिसणारे पट्टे शोभेचे नाहीत. सिसिलीत मेलेल्यांनी ते रंगवून घेतले आहेत.

अगदी अलीकडचे उदाहरण इराणचे. जानेवारी २०२० मध्ये जनरल कासिम सुलेमानी यांना अमेरिकेने मारल्यानंतर इराणने ८ जानेवारीला पहाटे इराकमधल्या अमेरिकी तळांवर क्षेपणास्त्रे सोडली आणि प्रतिहल्ल्याची वाट पाहू लागला. काही तासांतच तेहरानहून युक्रेनचे एक प्रवासी विमान उडाले. इराणच्या हवाई संरक्षण दलाने ते पाडले. १७६ माणसे मेली, आणि त्यांत मोठा भाग इराणी लोकांचाच होता. इराणने आधी इन्कार केला, मग तिसऱ्या दिवशी चूक कबूल केली. तेहरानच्या रस्त्यावर लोक उतरले ते मृतांच्या दुःखाने, आणि तितकेच त्या तीन दिवसांच्या खोटेपणाच्या रागाने.

भीती नसतानाही असे होते, हेही सांगितले पाहिजे. १४ एप्रिल १९९४ ला उत्तर इराकमध्ये दोन अमेरिकी एफ-१५ विमानांनी दोन अमेरिकी ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरे पाडली. दिवस स्वच्छ होता, युद्ध चालू नव्हते आणि वर टेहळणी विमान सगळ्यांवर नजर ठेवून होते. त्या हेलिकॉप्टरांत अमेरिकी, ब्रिटिश, फ्रेंच, तुर्क आणि कुर्द असे २६ जण होते. हेलिकॉप्टरे एक संकेत वापरत होती, विमाने दुसरा संकेत विचारत होती. वैमानिकांनी जवळून जाऊन पाहिले, तरी त्यांना ती सोविएत बनावटीची हेलिकॉप्टरे वाटली. मनाने एकदा 'परका' ठरवले की डोळेही तेच पाहतात. शेवटी एका अधिकाऱ्यावर लष्करी खटला चालला आणि तो निर्दोष सुटला.

खुलनाच्या नदीत पनवेल

आता आपल्या इतिहासातली एक घटना. ती आपल्याकडे फार कमी सांगितली जाते, बांगलादेशात मात्र शाळेतल्या मुलांनाही माहीत असते. तिच्यात एक महाराष्ट्राचा अधिकारी आहे, महाराष्ट्राच्या गावाचे नाव असलेली नौका आहे आणि नोआखालीचा एक मुस्लिम नौसैनिक आहे.

१९७१ चे युद्ध. भारतीय नौदलाने मुक्तिवाहिनीसाठी कोलकाता बंदराच्या दोन जुन्या बोटींवर तोफा बसवून गनबोटी तयार केल्या होत्या, 'पद्मा' आणि 'पलाश'. त्यांवर बहुतेक बंगाली नौसैनिक होते, जे पाकिस्तानी नौदल सोडून स्वातंत्र्ययुद्धात आले होते. त्यांच्यासोबत भारतीय नौदलाची 'आयएनएस पनवेल' ही गस्ती नौका होती. या सगळ्या दलाचे नेतृत्व कमांडर मोहन नारायण सामंत यांच्याकडे होते. बंगाली नौकमांडोंच्या गुप्त मोहिमेत त्याआधी अनेक महिने काम केलेला हा अधिकारी.

सुंदरबनातल्या अनोळखी जलमार्गाने हे दल मोंगला बंदरावर गेले, तिथला विरोध मोडला आणि १० डिसेंबरला नदीतून वर खुलनाकडे निघाले. आपल्या विमानांनी ओळखावे म्हणून बोटींवर पिवळी खूण केलेली होती. खुलनाच्या जहाजबांधणी कारखान्याजवळ आल्यावर आकाशात विमाने दिसली. बांगलादेशात सांगितली जाणारी हकीगत अशी की, 'पद्मा' आणि 'पलाश'वरच्या नौसैनिकांनी गोळीबाराची परवानगी मागितली, पण विमाने भारतीय आहेत हे ओळखून ती नाकारण्यात आली. खालच्यांनी वरच्यांना बरोबर ओळखले होते. वरच्यांनी खालच्यांना ओळखले नाही. विमाने वळली आणि सूर मारून आली. 'पद्मा' पेटली, मग 'पलाश'.

'पलाश'च्या इंजिन विभागात मोहम्मद रूहुल अमीन होते. नोआखाली जिल्ह्यातल्या बागपांचडा गावचे, पाकिस्तानी नौदलातून आलेले अनुभवी तंत्रज्ञ. बोट सोडण्याचा आदेश झाला, तरी ते इंजिन चालू ठेवून बोट वाचवण्यासाठी झटत राहिले. जखमी अवस्थेत कसेबसे रूपसा नदीच्या काठाला लागले, आणि तिथे रझाकारांनी त्यांना ठार केले, असे बांगलादेशात सांगतात. नदीच्या काठावरच त्यांची कबर आहे.

सामंतांची 'पनवेल' तगली. त्यांना पुढे महावीर चक्र मिळाले, २०१९ मध्ये ते वारले. रूहुल अमीन यांना बांगलादेशने 'बीर श्रेष्ठ' हा सर्वोच्च किताब दिला. हा किताब फक्त सात जणांना मिळाला आहे. त्यांच्या गावाला आज त्यांचे नाव आहे, बांगलादेशच्या नौदलातल्या जहाजालाही आहे.

इथे थोडे थांबून विचार करण्यासारखे आहे. बांगलादेशने रूहुल अमीन यांची कहाणी सांगताना 'शत्रूच्या हल्ल्यात' असे म्हणून वेळ मारून नेली असती तर कोण विचारणार होते? पण तिथे बोटी कोणाच्या विमानांनी पेटवल्या हेही सांगितले जाते आणि ते सर्वोच्च वीर आहेत हेही. दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात बसतात. मारा आपल्यांचा होता म्हणून त्यांचे शौर्य तसूभर कमी झाले नाही. मित्रदेशाशी असलेली मैत्रीही त्या सत्यामुळे त्या वेळी तुटली नाही.

उहुदच्या मैदानात

आपल्या वाचकांपैकी अनेकांना सीरतचा अभ्यास आहे. त्यांना हजरत हुजैफा बिन यमान (रजि.) यांची गोष्ट आठवली असेल. उहुदच्या लढाईत (इ.स. ६२५) त्यांचे वडील वयस्कर असल्यामुळे मागे बायका-मुलांबरोबर ठेवले होते. पण त्यांना राहवले नाही आणि तलवार घेऊन ते मैदानात आले. ऐन धुमश्चक्रीत मुस्लिम सैनिकांनी त्यांना शत्रू समजून वार केले. हुजैफा ओरडत राहिले की हे माझे वडील आहेत, पण गोंधळात कुणाला ऐकू गेले नाही.

त्या काळीही ओळखीची यंत्रणा होती. लढाईत आपल्या माणसाला ओळखण्यासाठी परवलीचा शब्द ठरवला जायचा, त्याला 'शिआर' म्हणत. उहुदच्या दिवशीही तो ठरलेला होता. तरीही हे झाले. चौदाशे वर्षांपूर्वीचा शिआर आणि आजचे आयएफएफ यांच्यात तंत्राचा फरक आहे, दुबळी जागा तीच आहे. उत्तर देणाऱ्याला उत्तर देता आले पाहिजे आणि विचारणाऱ्याने ते ऐकायला हवे.

पुढे काय झाले ते अधिक महत्त्वाचे. मारणाऱ्यांनी ओळखले नाही हे कबूल केले. हुजैफांनी त्यांच्यासाठी माफीची दुआ मागितली. पण प्रेषित मुहम्मद (स.) यांनी 'चूक झाली, युद्धात असे होते' म्हणून विषय संपवला नाही. वडिलांच्या जिवाची दियत, म्हणजे वारसाला द्यायची भरपाई, देण्याची तयारी दाखवली. हुजैफांनी ती स्वतः न ठेवता मुसलमानांसाठी दान केली.

फिक्हच्या विद्वानांनी जाणूनबुजून केलेला खून आणि 'कत्ल-ए-खता' म्हणजे चुकून झालेली हत्या यांच्यात स्पष्ट भेद केला आहे. चुकून मारणारा खुनी ठरत नाही. पण तो मोकळाही सुटत नाही. मृताच्या घरच्यांना भरपाई द्यावी लागते आणि स्वतःच्या आत्म्यासाठी प्रायश्चित्तही करावे लागते. घरच्यांनी माफ केले तर ती त्यांची मर्जी, पण माफीची मागणी त्यांच्यावर लादता येत नाही. हा भेद आजच्या काळातही किती उपयोगाचा आहे, हे बडगामकडे पाहिले की समजते. आपल्याकडे अशा वेळी दोनच सूर लागतात. एक म्हणतो, सैन्याबद्दल बोलू नका. दुसरा म्हणतो, हे गुन्हेगार आहेत. 'चूक' आणि 'गुन्हा' यांच्या मध्ये 'जबाबदारी' नावाची जागा आहे, तिथे उभे राहायला कुणी तयार नसते.

सात जण

निनाद मांडवगणे आणि सिद्धार्थ वशिष्ठ यांना २०२० साली मरणोत्तर वायुसेना पदक जाहीर झाले. हे योग्यच झाले. युद्धाच्या सकाळी आकाशात जाणारा माणूस स्वतःचा जीव देशाच्या हवाली करून गेलेला असतो. तो कुणाच्या क्षेपणास्त्राने गेला, यावर त्याचे हौतात्म्य ठरत नाही. उलट ज्यांनी सत्य दडवले, त्यांनी नकळत असे सुचवले की आपल्या माऱ्यात मरणे ही काही कमीपणाची गोष्ट आहे. निनादच्या घरच्यांना, सिद्धार्थच्या घरच्यांना, बाकी चार जवानांच्या घरच्यांना सत्य कळण्याचा पहिला हक्क होता. पत्रकार परिषदेच्याही आधी, निवडणुकीच्या कितीतरी आधी.

आणि सातवा? गारेंद कलांचा तो तरुण बहुतेक बातम्यांत शेवटच्या ओळीत 'एक स्थानिक नागरिक' एवढाच आला. तो सैनिक नव्हता, तो आकाशात गेला नव्हता. तो आपल्या गावात होता. त्याच्यासाठी पदक असण्याचे कारण नाही. पण त्याच क्षेपणास्त्राने, त्याच मिनिटाला, त्याच जागी तो मेला आणि तोही याच देशाचा नागरिक होता. नाशिकच्या वैमानिकाचे आणि बडगामच्या त्या तरुणाचे मरण एकाच चुकीने बांधले गेले आहे. 'आपल्याच माऱ्यात आपली माणसे गेली' असे म्हणताना 'आपली' या शब्दात आपण सहा जण धरतो की सात, हे प्रत्येकाने स्वतःला विचारून पाहावे. मी सात धरतो.

आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या माणसाला हे समजायला जड जाऊ नये. आर्वीपासून जवळच पुलगावला देशाचे मोठे दारूगोळा भांडार आहे. ३१ मे २०१६ च्या रात्री तिथे आग लागली, स्फोट झाले आणि आग विझवायला गेलेले अधिकारी, जवान व अग्निशमन कर्मचारी मिळून १५ हून अधिक जण गेले. २० नोव्हेंबर २०१८ ला निकामी दारूगोळा नष्ट करताना स्फोट झाला, तेव्हा सहा जण गेले आणि त्यांत आसपासच्या खेड्यांतले मजूरही होते. तो दारूगोळा आपलाच होता. तो शत्रूसाठी बनवला होता, पण फुटताना त्याने गणवेश कुणाचा आणि मजुरी कुणाची हे पाहिले नाही. तेव्हा आपल्या भागातल्या लोकांनी 'जवान' आणि 'मजूर' असा भेद करून रडणे केले नाही. दोघेही आपल्या ओळखीचे होते, एवढे पुरे होते. काश्मीर दूर आहे म्हणून हिशोब बदलू नये.

मग काय करायचे

आपलाच मारा पूर्णपणे थांबवता येतो, असे कुठल्याही देशाच्या अनुभवावरून म्हणता येत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये तांबड्या समुद्रात अमेरिकेच्याच युद्धनौकेने अमेरिकेचे लढाऊ विमान पाडले. वैमानिक वाचले, हे नशीब. जगातले सर्वांत महागडे तंत्र ज्यांच्याकडे आहे त्यांची ही गत. पण कमी करता येतो, आणि तो कमी झाला आहे तो फक्त तिथे, जिथे आधीच्या चुका उघडपणे मांडल्या गेल्या. सिसिलीची रात्र दडपली असती तर नॉर्मंडीचे पट्टे रंगवले गेले नसते. यंत्र चालू ठेवण्याचा नियम, तळाकडे येणाऱ्या प्रत्येक उड्डाणाची माहिती क्षेपणास्त्रावरच्या माणसापर्यंत पोहोचवण्याची पद्धत, गप्प ठिपक्याला दुसऱ्यांदा विचारण्याची शिस्त, हे सगळे मेलेल्या माणसांच्या चौकशी अहवालांतून आलेले शहाणपण आहे. चौकशी लांबवणे म्हणजे पुढच्या हेलिकॉप्टरमधल्या माणसांना धोक्यात ठेवणे.

सूरह निसामध्ये मोहिमेवर निघालेल्यांना सांगितले आहे की नीट खात्री करून घ्या, आणि जो तुम्हाला सलाम करतो त्याला 'तू मोमिन नाहीस' असे म्हणू नका. मुफस्सिरांनी यामागची हकीगत दिली आहे ती अशाच एका माणसाची, ज्याने ओळख दिली होती आणि तरी तो मारला गेला. ही शिकवण रणांगणावरच्या माणसाला दिलेली आहे, जिथे वेळ कमी आणि भीती जास्त असते. ज्यांच्याकडे वेळ आहे आणि समोर काही धोका नाही, त्यांना तर ती अधिकच लागू होते. बातमी वाचताना, निरोप पुढे पाठवताना, मोहल्ल्यात नवा माणूस आला असताना आपणही रोज कुणाला तरी 'आपला' किंवा 'परका' ठरवत असतो. गप्प बसलेला प्रत्येक जण शत्रू नसतो, हे रडारवरचा अधिकारी शिकू शकतो तर आपणही शिकू शकतो.

शिक्षक म्हणून माझी एक साधी अपेक्षा आहे. १९७१ चे युद्ध शिकवताना खुलनाची दुपार एका परिच्छेदात का होईना मुलांना सांगावी. २०१९ चा फेब्रुवारी जेव्हा इतिहासाच्या पुस्तकात येईल, तेव्हा बालाकोट आणि अभिनंदन यांच्यासोबत बडगामही यावे, सात मृतांसह. मुले हे पेलू शकतात. वर्गात असे विषय निघाले की मुले कधी 'मग आपले सैन्य वाईट का?' असे विचारत नाहीत. ती विचारतात, 'सर, मग पुन्हा असे होऊ नये म्हणून काय केले?' या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे असले पाहिजे.